दहावी की अकरावी?

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजक म्हणाले, "तुम्ही दोघंही आपल्याच शाळेचे, तेव्हा संसारातल्या गमतीजमती सांगा. वेळ पाच मिनिटं." 44 वर्षांचा संसार पाच मिनिटांत! ही समोर बसून घड्याळ बघतेच आहे.

तुम्हाला आठवत असेल, 1975 साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली बॅच एकदमच एसएससी झाली. मी त्या अकरावीत होतो, ही दहावीत. शाळेत मी एक वर्ष पुढे, पण बाहेर पडलो ते बरोबरच. लग्नापासून ऐकतोय, "तुम्हाला अकरा वर्षं लागली, ते मी दहा वर्षांत केलं." गुणही हिलाच जास्त होते, हे आज पहिल्यांदाच जाहीरपणे सांगतोय.

त्या काळी आपण वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं निम्म्या किमतीत घ्यायचो. आईने मला माझी दहावीची पुस्तकं घेऊन हिच्या घरी पाठवलं. हिने दारातूनच सांगितलं, "आमचा अभ्यासक्रम नवा आहे." खपला तो फक्त नकाशासंग्रह, दीड रुपयाला. शाळेत मुलामुलींनी एकमेकांशी बोलायचं नाही, त्यामुळे आमचं शालेय संभाषण एवढंच.

पुढे 1981 मध्ये मी रीतसर हिला बघायला गेलो. पोहे झाले. माझ्या मामांनी मोठ्या मनाने विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?" ही मान खाली घालून म्हणाली, "नकाशासंग्रहातलं महाराष्ट्राचं पान कुठे आहे?" माझ्या हातातली बशी हलली. ट्रेस करताना ते पान फाटलं होतं आणि मी ते गुपचूप काढून टाकलं होतं. मामा म्हणाले, "मुलगी हिशेबी आहे, घर सांभाळेल." लग्नानंतर हिच्या ट्रंकेतून तो नकाशासंग्रह परत माझ्याच घरी आला.

आता एक गोष्ट सांगतो, ती गमतीची नाही. दहावीनंतर हिचं शिक्षण थांबलं. पाठीवर दोन भाऊ होते, घरची परिस्थिती बेताची. हिने कधी कुरकुर केली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. 1998 मध्ये मुलगी दहावीत गेली, तेव्हा हिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "आता कशाला?"

ही काही बोलली नाही. फॉर्म उचलला आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. आठ दिवस घरात फक्त "वाढू का?" आणि "पुरे" एवढंच. नवव्या दिवशी मी डबा उचलला. फॉर्म पूर्ण भरलेला होता, फोटोसुद्धा चिकटवलेला. फीचे पैसे तेवढे राहिले होते. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. खरं सांगू? मला भीती वाटली होती. एक वर्षाची माझी आघाडी हिने एकदा मोडलीच होती.

मग आमच्या घरात पुन्हा डबल बॅच! मुलगी दहावीला, आई पूर्वतयारीला. स्वयंपाक माझ्याकडे. पहिल्याच रविवारी मी कुकर लावला, तांदळात पाणी घातलं, कुकरच्या तळाशी घालायचं विसरलो. व्हॉल्व्ह उडाला. ही पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "भात नंतर बघू, माझा धडा संपू द्या." 2002 मध्ये ही बीए झाली. मी अजून अकरावीच.

"आता कशाला?" हे दोन शब्द मी मनात कितीतरी वेळा परत घेतले, हिच्यासमोर कधी नाही. आज आपल्या शाळेत, तुम्हा सगळ्यांच्या साक्षीने परत घेतो. चुकलं माझं.

आणि हे घे गं, दीड रुपया. पान काही सापडलं नाही.

पाच मिनिटं संपली. आता ही बोलेल. काळजी करू नका, मला जे सांगायला अकरा मिनिटं लागली असती, ते ही दहात सांगेल.