लक्ष कोठे द्यावे?

(रब्बी हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



यंदा काय हवे असे विचारले, की आपण सगळेच म्हणतो, उत्पन्न वाढले पाहिजे. त्यामागची गरज मात्र घरोघरी वेगळी असते. कोणाला सोसायटीचे कर्ज फेडायचे असते, कोणाला मुलीला पुढे शिकवायचे असते. ही गरज रोज मनात असते. पण दिवस जातो बाजारभावाच्या गप्पांत, शेजाऱ्याचे पीक पाहण्यात आणि आभाळाकडे डोळे लावण्यात. भाव व पाऊस आपल्या हाती नाहीत. त्यांची माहिती जरूर घ्यावी आणि मग आपल्या बांधावर यावे.

पहिली गोष्ट म्हणजे, हवे ते वहीत लिहा व त्याला आकडा द्या. मुलीच्या शिक्षणाला किती रुपये लागतील, त्यासाठी खर्च वजा जाता हरभऱ्यातून किती उरले पाहिजेत, हे घरात कारभारणीला बरोबर घेऊन मांडा. मग तो आकडा शेतात शोधा. देशी हरभरा ३० × १० सें.मी. अंतरावर पेरला, तर चौरस मीटरला सुमारे ३३ झाडे बसतात. उगवण होताच पाच ठिकाणी झाडे मोजा. वीसच भरली, तर लगेच नांगे भरता येतात. तूट काढणीच्या वेळी कळली, तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. गव्हाला एकच पाणी देणे शक्य असेल, तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन असतील, तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी द्यावीत, अशी शिफारस आहे. पाणी थोडे असले, की त्याचा दिवस महत्त्वाचा ठरतो. लक्षाचेही तसेच आहे. हरभरा फुलोऱ्यात येऊ लागला, की घाटे अळीचे कामगंध सापळे हेक्टरी ५ लावून रोज सकाळी पतंग मोजा. पाव तासाचे काम आहे. पण ते त्याच दिवसांत व्हायला हवे.

तिसरी गोष्ट अवघड आहे. एका गोष्टीकडे लक्ष द्यायचे, तर दुसरी सोडावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली आणि त्यावरून पिके ठरवली. उसासारखी जास्त पाण्याची पिके व शेतीसाठी विंधन विहिरी गावाने स्वतःहून बंद केल्या. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. विहिरीत पाणी टिकावे असे प्रत्येक गावाला वाटते. त्यासाठी ऊस सोडायची तयारी या गावाने दाखवली. आपल्या घरातही मुलीची फी आधी की मोटारसायकलचा हप्ता, हे कधीतरी ठरवावेच लागते.

एवढे करूनही एखादे वर्ष अवकाळी पावसात जाईल. तरी आपण कोठे उभे आहोत, हे वहीवरून कळेल आणि पुढच्या हंगामाला तीच वही कामाला येईल.

तेव्हा पाभर शेतात नेण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: हवे काय, मोजायचे काय, कोणत्या दिवशी, आणि त्यासाठी यंदा सोडायचे काय.