सेरेंगेटीचं गवत आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं शेण

एक काम करा. डोळे मिटा (गाडी चालवत असाल तर अजिबात नको!) आणि आफ्रिकेवरची एखादी वाइल्डलाइफ डॉक्युमेंटरी आठवा. लांबच लांब गवत, झेब्रे, विल्डबीस्टचे कळप, झाडाखाली सुस्तावलेला सिंह. यात माणूस दिसतो का? बहुतेक नाहीच. मग आपल्याला वाटतं, ही जागा पहिल्यापासून अशीच असणार, माणसाचा हात न लागलेली.

आज याच समजुतीबद्दल बोलू.

फिओना मार्शल हे नाव लक्षात ठेवा. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या मानववंशशास्त्रज्ञ. पूर्व आफ्रिकेत माणसाने गुरं पाळायला कशी सुरुवात केली, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. २०१८ मध्ये त्यांच्या टीमचा एक पेपर 'नेचर'मध्ये आला. नैऋत्य केनियात, आज जिथे मसाई लोक राहतात त्या भागात, साधारण १,५५० ते ३,७०० वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या पाच वस्त्यांची माती त्यांनी तपासली. हे गुराखी मसाई नव्हेत बरं का. मसाई या भागात बरेच नंतर आले.

आता गंमत बघा. गुरं दिवसभर लांब लांब चरायची. रात्री सिंह आणि तरसांपासून वाचवायला त्यांना वाड्यात कोंडायचे. म्हणजे चारा सगळ्या रानातला, पण शेण एकाच जागी! आपल्याकडे धनगरांची मेंढरं शेतात बसवतात, तेव्हा जमिनीला जे मिळतं तेच इथे. फरक इतकाच की इथे कुणी पिकासाठी ठरवून करत नव्हतं. काही काळाने वस्ती उठायची, शेण तिथेच राहायचं. त्या मातीत फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम आजही आजूबाजूपेक्षा जास्त सापडतं. तिथे पौष्टिक गवत उगवतं, ते खायला रानटी जनावरं येतात, तीही शेण टाकतात आणि चक्र चालू राहतं. हे हिरवे गोल सॅटेलाइट फोटोतसुद्धा दिसतात.

म्हणजे ज्याला आपण 'निसर्ग' म्हणतो, त्यातला काही भाग गुराख्यांनी घडवलाय.

मग ही जागा रिकामी आहे असं वाटलं कुणाला? १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत बुळकांडीची साथ आली. गुरं पटापट मेली. पाठोपाठ दुष्काळ आणि देवी. मसाई लोक मोठ्या संख्येने मेले. नेमके त्याच सुमारास युरोपियन अधिकारी तिथे पाय रोवत होते. त्यांनी पाहिलं ते संकटानंतरचं रान. तो एका वाईट दिवसाचा स्क्रीनशॉट होता, आणि त्यालाच ओरिजिनल समजलं गेलं.

केनियातलं हेच गवताळ रान सीमेपलीकडे टांझानियात गेलं की त्याला सेरेंगेटी म्हणतात. तिथे १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ मध्ये मसाईंना उद्यानातून शेजारच्या न्गोरोंगोरोत हलवलं. तिथे वन्यप्राण्यांबरोबर गुरं घेऊन राहता येईल, असं आश्वासन होतं. पण १९७४ मध्ये न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरातल्या मसाईंनाही बाहेर काढलं.

मसाई जुनं गवत जाळायचे. कोवळं गवत फुटावं आणि गोचीड मरावेत म्हणून. ते गेले, जाळणं बंद झालं, आणि विवरात गोचीड वाढले. २००१ च्या सुमारास मोठ्या दुष्काळानंतर तिथे रानम्हशी आणि इतर प्राणी बरेच मेले. तेव्हा गोचिडांचा प्रश्न डोळ्यांवर आला आणि मग प्रशासनानेच ठरवून गवत जाळायला सुरुवात केली! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा साधा नियम आहे: जुना कोड काय करतो हे कळल्याशिवाय तो उडवायचा नाही. इथे आधी उडवला, मग कळलं.

ही जुनी गोष्ट नाही. २०२२ पासून न्गोरोंगोरोतल्या मसाई कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा गावात हलवलं जातंय. सरकार म्हणतं, १९५९ मध्ये इथे आठेक हजार माणसं होती, आज लाखाच्या आसपास आहेत, रानावर ताण येतोय आणि स्थलांतर स्वेच्छेने आहे. मानवी हक्क संघटना म्हणतात, दवाखाने आणि शाळांच्या सोयी कमी करून लोकांना जायला भाग पाडलं जातंय.

लोकसंख्येचा मुद्दा खोटा नाही. आणि मार्शल यांचं संशोधन 'कितीही गुरं चालतील' असं म्हणत नाही. ते जुने गुराखी फिरते होते, एका जागी कायमचे बसले नव्हते, म्हणून ते जमलं. पण 'माणूस आणि गुरं इथे उपरी आहेत' हे वाक्य या संशोधनानंतर टिकत नाही. ते गळून पडलं की वाद 'माणसं ठेवायची की काढायची' एवढाच उरत नाही. गुरं किती, कुठे, कोणत्या महिन्यात, आणि हे ठरवताना तिथल्या गुराख्याला विचारणार की नाही, असे प्रश्न समोर येतात. हे प्रश्न जास्त किचकट आहेत, पण खरे आहेत.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!