ईर्यासमिती आणि उतारवयातील पाऊल



पाच समित्यांमध्ये ईर्यासमितीला पहिले स्थान आहे. पुढची चार हात भूमी पाहत, घाई न करता, कोणत्याही जीवाला बाधा होणार नाही असे चालावे, हा तिचा अर्थ सर्वांस परिचित आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या 24 व्या अध्ययनात चालताना स्वाध्यायही वर्ज्य सांगितला आहे. साधकाचे सारे चित्त चालण्यातच असावे. ही आज्ञा जीवदयेसाठी आहे, चालणाऱ्याचे हाड वाचावे म्हणून नव्हे; तेव्हा तीत आधुनिक विज्ञान शोधण्याचा खटाटोप नको. मात्र उतारवयात शरीरच चालण्याकडे असे अवधान मागू लागते, हे वैद्यकशास्त्राने स्वतंत्रपणे दाखविले आहे.

चालणे वरवर वाटते तितके साधे नाही. प्रत्येक पावलागणिक शरीर पुढे कलते, जणू पडू लागते, आणि पुढचे पाऊल त्यास सावरते. चालण्याच्या एकूण वेळेपैकी सुमारे चार-पंचमांश वेळ तरुण मनुष्याचा भार एकाच पायावर असतो. हा तोल तीन साक्षीदारांच्या भरवशावर राखला जातो: डोळे, अंतःकर्ण आणि तळपाय व सांध्यांची जाणीव. वयोमानाने तिघांचीही साक्ष अंधूक होते. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी घटतात, तळव्यांची संवेदना मंदावते. मधुमेह असल्यास अधिकच. शिवाय तोल जात असल्याचे कळले, तरी स्नायू पूर्वीच्या त्वरेने पाऊल टाकत नाहीत.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे डेव्हिड विंटर व त्यांचे सहकारी यांनी 1990 साली धडधाकट वृद्धांच्या चालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे पाऊल आखूड, मागच्या पायाचा रेटा कमी आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ अधिक, असे त्यात आढळले. वृद्धांची मंद चाल म्हणजे आळस नव्हे, ती बहुधा शरीराने पत्करलेली सावधगिरी असते. दर्शनाला उशीर होतो म्हणून त्यांचा दंड धरून ओढणाऱ्या मुला-सुनांनी हे ध्यानी घ्यावे.

याहून बोलका प्रयोग स्वीडनमधील आहे. तो 1997 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निवासी सेवागृहातील 58 वृद्धांशी चालता चालता संभाषण सुरू केले गेले. त्यांपैकी 12 जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत या 12 पैकी 10 जण पडले. न थांबलेल्या 46 पैकी 11. तरुणपणी पाय आपोआप चालतात, मन मोकळे राहते. वार्धक्यात चालण्यालाच मन लागते, आणि ते दोन ठिकाणी वाटले गेले की पाऊल चुकते. जिनमंदिराच्या पायऱ्या उतरणाऱ्या आजींना मागून, “आजी, प्रसाद घेतलात का?” असे विचारणे प्रेमाचे खरे, पण त्या क्षणी घातक. त्या थांबल्या तर थांबू द्यावे. बोलणे खाली उतरल्यावर व्हावे.

काही गोष्टी मंदिराच्या नित्यक्रमाशी निगडित आहेत. अभिषेकानंतर ओली राहिलेली संगमरवरी फरशी तर सर्वांना ठाऊकच आहे. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. त्यातून पायरीची कड धूसर दिसते, म्हणून जिन्यावर केवळ दूरच्या नजरेचा चष्मा बरा. चौविहार पाळणाऱ्यांच्या शरीरात पहाटे पाणी कमी असते. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर एकदम उठताच भोवळ येऊ शकते. त्यांनी अंथरुणाच्या काठावर थोडे बसून मगच उभे राहावे, आणि उपवासकाळातील औषधांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. कायोत्सर्गात दोन्ही पायांत चार अंगुळांचेच अंतर असते, म्हणून आधाराची जागा अरुंद होते; वृद्धांनी तो भिंतीजवळ करावा.

तोल सरावाने सुधारतो. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामाने वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटते. ओट्याला धरून क्षणभर एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, एवढ्यानेही आरंभ करता येतो. पडण्याच्या भीतीने मंदिरात येणेच सोडले, तर पाय अधिक दुबळे होतात.

एक सूचना विश्वस्तांसाठी. पादत्राणे काढताना प्रत्येक वृद्धाला एका पायावर उभे राहावे लागते, आणि नेमक्या त्या जागी बहुतेक मंदिरांत धरायला काहीच नसते. तेथे एक बाक आणि भिंतीला कठडा हवा.