गावाच्या माथ्यावरचे रान

(भोर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वरंधा घाटाच्या अलीकडे राहणाऱ्यांना दरड म्हणजे काय, हे सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पावसाळा आला की घाट बंद ठेवण्याचा आदेश निघतो आणि भोर-महाड वाट खुंटते, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आहात. मी कला शाखेचा पदवीधर, त्यात बातमीदार. भूगर्भशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु दुर्घटनेच्या बातम्या लिहिता लिहिता एक प्रश्न मनात घर करून बसला, तोच आज आपल्यापुढे मांडतो.

२००५ च्या २५ आणि २६ जुलैला घाटापलीकडे महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन ही गावे दरडींखाली आली. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाडले गेले. १५१ जीव गेले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा जगाला ती वार्ता कळली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड तालुका, तळिये. ८० हून अधिक बळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. २७ मृतदेह हाती आले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. जिल्ह्यातील दरडप्रवण गावांच्या यादीत भोरमधील धानवली आणि कोंढरी, तसेच वेल्ह्यातील, म्हणजे आजच्या राजगड तालुक्यातील, घोल ही नावे आहेत. तेथील माणसे आषाढात कशी झोपत असतील, याची कल्पना पुण्यात बसून करता येत नाही.

अतिवृष्टी हे कारण आहेच. पण पाऊस सह्याद्रीला नवा नाही. पाऊस पडतो तेव्हा उतारावर काय घडते, ते पाहू. आपला डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांचा. त्यावर झिजलेला मुरूम आणि माती यांचे पांघरूण. पाणी मातीत मुरते, खालच्या अभंग खडकाशी थबकते, तेथे त्याचा दाब वाढतो आणि मातीची खडकावरील पकड सुटते. जंगल असेल तर पानांचा छत्रीसारखा थर आणि खालचा पाचोळा धारेचा मार प्रथम अंगावर घेतात. बारीक मुळांचे जाळे माती शिवून धरते. मोठी मुळे खडकाच्या भेगांत शिरून वरचे पांघरूण खालच्या खडकाशी बांधून ठेवतात.

यातील एक बाब फारशी बोलली जात नाही. झाड तोडले त्या वर्षी डोंगर खाली येत नाही. खोड गेले तरी मुळे जमिनीत असतात, माती धरून असतात. ती काही वर्षांत कुजतात. नवे रोप तोवर गुडघाभर असते. जुनी मुळे गेली आणि नवी उतरली नाहीत, असा जो मधला काळ, तोच सर्वांत धोक्याचा. म्हणून तोड कोणी केली आणि दरड कोणाच्या घरावर आली, यांचा संबंध पंचनाम्यात कधी येत नाही. ठेकेदार केव्हाच निघून गेलेला असतो.

तोडीच्या जोडीला वणवा येतो, जेसीबीने केलेले सपाटीकरण येते, फार्महाऊसच्या प्लॉटसाठी कापलेला डोंगराचा पायथा येतो. उताराचा पाय कापला आणि ओहोळाची वाट बुजवली की वरची झाडेही हतबल होतात. जंगल असले की दरड येतच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. इर्शाळवाडीच्या भोवती रान होते. खोलवरचा खडकच सुटला, किंवा एका दिवसात महिन्याचा पाऊस कोसळला, तर मुळांचे बळ अपुरे पडते. अशा ठिकाणी सुरक्षित जागी पुनर्वसन हाच उपाय, आणि तो लांबणीवर टाकणे हा अपराध होय. मात्र वरवरच्या मातीच्या अनेक घसरणी रान रोखू शकते.

आपल्या पूर्वजांना हे ज्ञान शास्त्राच्या परिभाषेत नसेल, आचारात निश्चितच होते. देवराई बहुधा पाण्याच्या उगमाशी, गावाच्या वरच्या अंगाला राखलेली आढळते. तेथील काडीही देवाची. १९७० च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांपुढे ठेवले, तोवर त्यांतील कित्येक कुऱ्हाडीला बळी पडल्या होत्या. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट या गावाने १३९७ साली गावावरच्या रानात तोड करण्यास लेखी बंदी घातली, हिमकडे कोसळू नयेत म्हणून. ते रान आजही राखले जाते. गढवालमध्ये १९७० साली अलकनंदेला महापूर आला तेव्हा वरच्या उतारांवरील तोडीशी त्याचा संबंध चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडला. १९७४ मध्ये रेणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या सख्या झाडांना बिलगण्यास सिद्ध झाल्या, त्यामागे हाच अनुभव होता.

आता आपल्या घरचा प्रश्न. भोर-वेल्ह्यातील कितीतरी उतार वनखात्याचे नाहीत, मालकीचे आहेत. सात-बारावर शेतकऱ्याचे नाव, पण पीक नाही. हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन उभे. मुलीचे लग्न निघाले, दवाखाना आला, की दारात दलाल उभा असतो. एकतर झाडे जातात, नाहीतर जमीनच जाते. या शेतकऱ्याला पर्यावरणावर प्रवचन देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. उभ्या झाडाने त्याला दिलेच काय?

आणि ते झाड देते कोणाला? भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला जाते. पानशेत-वरसगावचे पुण्याला. पाणलोटातील रान उभे आहे म्हणून धरणात गाळ कमी येतो आणि झरे उन्हाळ्यात टिकतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमारासाठी रयतेचे झाड घ्यायचे तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, अशी शिस्त घालून दिलेली आहे. तेव्हा झाड तोडण्याचा मोबदला होता. आज ते न तोडण्याचा हवा. खालच्या शहरांच्या आणि बागायतीच्या पाणीपट्टीतील काही हिस्सा वरचा उतार राखणाऱ्याच्या खात्यात दरवर्षी जमा व्हावा, ही माझी मागणी आहे. २०१६ च्या कायद्याने पर्यायी वनीकरणाचा मोठा निधी राज्यांकडे येतो. त्यातून खड्डे खणून दरसाल त्याच जागी रोपे लावण्याऐवजी उभे रान राखण्यास अग्रक्रम मिळाला पाहिजे. जुलैतील वृक्षलागवडीची छायाचित्रे आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी पुष्कळ छापली. मार्चमध्ये त्या जागी परत जाऊन पाहिले नाही, हा दोष आमचाही आहे.

तोवर थांबण्याचे कारण नाही. पहिले काम अवघड नाही. ग्रामसभेत बसून वस्तीच्या नेमक्या वर कोणते गट नंबर येतात, त्यांतील मालकीचे किती, वनखात्याचे किती, कोठे तोड झाली आणि किती वर्षांपूर्वी झाली, याची यादी करावी. तोडीला पाच-सात वर्षे झालेल्या उतारांवर लाल खूण करावी. पावसाळ्यात रात्री जाग ठेवायची ती तेथे. ओहोळाच्या बुजलेल्या वाटा चैत्रातच मोकळ्या कराव्यात, वणव्यासाठी जाळरेषा काढाव्यात. वनखात्याच्या जमिनीसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करता येतो. जे गट विक्रीला निघाले आहेत, त्यांच्या मालकांशी सौदा होण्याआधी गावाने बोलावे.

गावनकाशा आणि सात-बारा उतारे आपल्याला मिळवता येतात. मागील रांगेतील दोघा-तिघांनी मघाशी आपल्या वाडीवरच्या उताराविषयी विचारले होते. त्यांनी पुढे यावे, नकाशा टेबलावर पसरून ठेवला आहे.