मुलींचे मैदान
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी गौरवाचे चार शब्द बोलावेत, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. परंतु आज आम्ही एका संकोचाच्या विषयावर बोलण्याची अनुज्ञा मागतो. वयात येणाऱ्या आपल्या मुलींचे आरोग्य, त्यांची सुरक्षितता आणि या दोहोंशी असलेला मैदानाचा संबंध, हा तो विषय.

प्रथम स्वतःचा दोष सांगतो. बदलीच्या निमित्ताने आम्ही जबलपुरास आलो, तेव्हा आमची कन्या बारा वर्षांची होती. रोज सायंकाळी ती कबड्डी खेळावयास जाई. पुढच्याच वर्षी ती ‘मोठी झाली’ आणि आम्ही उभयतांनी तिचा खेळ बंद केला. कारण विचारण्याचे धैर्य तिला झाले नाही, सांगण्याचे आम्हाला झाले नाही. पुष्कळ वर्षांनी, ती नोकरीस लागल्यावर, तिने सांगितले की, त्या काळात शिकवणीच्या वाटेवर एक इसम महिनोन्महिने तिचा पाठलाग करीत असे. “घरी का नाही सांगितलेस?” असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही शिकवणीही बंद केली असती. मैदानावरच्या ताईंना सांगितले असते. पण त्यांची भेटच संपली होती.”

ते उत्तर आजही आमच्या मनातून जात नाही. मुलीच्या रक्षणासाठी म्हणून आम्ही जे दार लावले, त्याच दाराबाहेर तिचा आधार राहून गेला.

हे ज्यांनी ओळखले, अशा संस्था आपल्या देशात आहेत. दिल्लीत नाझ फाउंडेशनने 2006 साली नेटबॉलच्या खेळातून किशोरींना आरोग्य व हक्क यांचे शिक्षण देण्यास आरंभ केला. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीत ‘परिवर्तन’ या उपक्रमाने त्यासाठी आपली कबड्डीच निवडली. वस्तीतल्याच तरुणींना प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक नेमले. खेळाच्या जोडीने मुलींशी शरीर, समानता, छळ यांविषयी गोष्टी होत. मुलींनी उघड्यावर खेळावे की नाही, याविषयी घरच्यांचे मन वळविणे हाही त्या कामाचाच भाग होता.

खेळच का, असे कोणी विचारील. वर्गात पाळीविषयी प्रश्न विचारावयास मुलगी लाजते. खेळून दमल्यावर ताईंपाशी बसली की तोच प्रश्न सहज निघतो. कबड्डीत दम धरून मोठ्याने बोलावे लागते, पकड सोडवावी लागते. आपले शरीर आपल्या आज्ञेत आहे, हा प्रत्यय तिला तिथे येतो. नकोसा स्पर्श कोणता, हे ओळखून ‘नाही’ म्हणण्यास हा प्रत्यय उपयोगी पडतो.

तथापि मैदानही आपोआप सुरक्षित होत नाही. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने क्रीडासंस्था व क्रीडांगणे यांनाही ‘कामाची जागा’ मानले आहे, ते उगीच नव्हे. अठरा वर्षांखालील बालकांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. गुन्हा झाल्याचे कळल्यास तो पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी घ्यावयाचा असतो. पोलीस ठाण्याच्या पायरीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या आईबापांनी हे ध्यानी ठेवावे. 1098 हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

आपल्या जबलपूरची मुस्कान किरार 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिरंदाजीचे सांघिक रौप्यपदक घेऊन आली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान मिरविला. पदक सर्वच मुलींना मिळणार नाही. मैदान मात्र सर्वांना मिळू शकते.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आठवड्यातून दोन सायंकाळी मंडळाचे पटांगण केवळ मुलींसाठी राखावे. शिकविणारी स्त्री असावी, एक वडीलधारी भगिनी नेहमी हजर असावी आणि महिन्यातून एकदा एखाद्या डॉक्टरबाईंनी मुलींशी मोकळेपणाने बोलावे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा अंश यासाठी पुरेल.

परमुलखात आपण पन्नास वर्षे भाषा जपली. आता आपल्या मुली घरात जे बोलू शकत नाहीत, ते ऐकणारी एक जागाही जपू या. आमच्या हातून जी चूक घडली, ती आपणांपैकी कोणाच्या हातून न घडो, एवढेच मागून आपली रजा घेतो.