कामगाराचे रक्त काय सांगते?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त करोंद, भोपाळ येथे झालेल्या सभेतील भाषण)



उत्सवाच्या दिवशी, आणि तेही पंगत बसण्यापूर्वी, रक्ताविषयी बोलण्यास मला उभे केले, ह्याबद्दल चालकांच्या धाडसाचे कौतुक केले पाहिजे. माझा सारा जन्म रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेला; दुसरा विषय मजला येत नाही.

आपण जेथे बसलो आहो तेथून तो बंद कारखाना फार दूर नाही. 1984 च्या डिसेंबरातील 2 आणि 3 तारखांमधील रात्र येथील वडीलधाऱ्यांना सांगावी लागत नाही. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू तेथे कशासाठी होता? सेव्हिन नावाचे कीटकनाशक, ज्याला रसायनशास्त्रात कार्बारिल म्हणतात, ते बनविण्यासाठी. त्या रात्रीनंतर हजारो लोकांचे रक्त तपासले गेले. परंतु एक प्रश्न सारखा आडवा येई: ह्या माणसाचे रक्त आदल्या महिन्यात कसे होते? वस्तीतल्या माणसांची तशी नोंद कोणी ठेवलेलीच नव्हती. मी आज जे सांगणार आहे, ते ह्या न ठेवलेल्या नोंदीविषयीच आहे.

तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. तिच्या पोटात केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे काही घडविता येत नाही. जन्मताना जी शिदोरी मिळाली तीच मरेपर्यंत. आपल्याकडील जुन्या पितळी भांड्याला पडलेला पोचा जसा राहून जातो, तद्वत ह्या पेशीला झालेली इजा तिच्याबरोबरच जाते. म्हणून ती चांगली साक्षीदार. गॅसपीडितांच्या हिमोग्लोबिनच्या टोकाशी असलेल्या व्हॅलिन ह्या घटकाला मिथाइल आयसोसायनेट चिकटल्याची खूण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांना सापडली होती. वायू फुफ्फुसातच थांबतो की रक्तात शिरतो, ह्या वादात ती खूण मोलाची ठरली. पण हिशेब करा: 1985 च्या एप्रिलपर्यंत त्या रात्रीच्या बहुतेक सर्व तांबड्या पेशी मरून गेल्या. साक्षीदार चार महिन्यांचा. खटले मात्र पिढ्यान्‌पिढ्या.

अशा खुणांनी कधी भलतेच सत्य बाहेर येते. स्वीडनमध्ये हालान्डसोस येथे 1997 साली रेल्वेचा बोगदा खणताना गळती बुजविण्यास ॲक्रिलामाइड असलेले द्रव्य वापरले. ओढ्यातले मासे मेले, गुरे लुळी पडली, मजुरांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. स्टॉकहोम विद्यापीठातील मंडळींनी मजुरांच्या हिमोग्लोबिनवर त्या द्रव्याची खूण मोजली. तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्यांचे रक्त घेतले, तर त्यांतही ती खूण थोडी थोडी होतीच! शोध घेता घेता 2002 साली कळले की पिष्टमय पदार्थ तळताना आणि खरपूस भाजताना ॲक्रिलामाइड तयार होते. म्हणजे मजुराचे रक्त तपासायला गेले आणि साऱ्या जगाचे स्वयंपाकघर हाती लागले. (पंगतीतील बटाटेवड्यांवर ह्याचा परिणाम होऊ देऊ नये.)

आता आपल्या घरांतील माणसांकडे वळतो. आपल्या सभासदांपैकी कोणी बागांत आणि शेतांत फवारणी करतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, हे आपल्या नातलगांकडून आपण ऐकले आहे. फवारणीच्या कित्येक औषधांमुळे मज्जातंतूंतील कोलिनेस्टरेज हे द्रव्य निकामी होते. तेच द्रव्य तांबड्या पेशीवरही असते; म्हणून मज्जातंतूला हात न लावता रक्तावरून अंदाज येतो. घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी ह्या गोष्टी होण्यापूर्वीच आकडा उतरू लागतो.

मात्र येथे एक मेख आहे. हा आकडा माणसागणिक पुष्कळ निराळा असतो. ज्याचा मुळातच चढा, त्याचा तिसरा हिस्सा गेला तरी कागदावर 'सर्वसाधारण' असेच छापून येते. म्हणून कामाला लागण्यापूर्वीचा त्याचा स्वतःचा आकडा हवा. कॅलिफोर्नियात 1974 पासून ही पद्धत आहे: मूळ आकड्याच्या 80 टक्क्यांखाली आला की कामाची रीत तपासावयाची, तांबड्या पेशीचा 70 टक्क्यांवर किंवा त्याखाली आला की माणसाला फवारणीपासून दूर ठेवावयाचे, आणि पुन्हा 80 पर्यंत चढल्याशिवाय परत घ्यावयाचे नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एक तरुण माळी डोकेदुखी आणि घाम घेऊन आला. खिशात औषधाची पुडी होती, तीवर कार्बारिल लिहिलेले. त्याचे रक्त मी सकाळी घेतले आणि कामाच्या गर्दीत तपासले संध्याकाळी. आकडा चांगला आला, तो पुन्हा कामावर गेला, आणि चौथ्या दिवशी त्याला उचलून आणावे लागले. तो वाचला. कार्बारिलच्या जातीच्या औषधांचा बंध सैल असतो. तो काही तासांत, नळीत पडल्या पडल्याही सुटतो, हे मी वाचले होते आणि विसरलो होतो. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांचा बंध घट्ट, तेथे आकडा नव्या पेशी तयार होतील तसाच हळूहळू वर येतो.

बॅटरीच्या दुकानांत शिशाचे काम करणाऱ्यांच्या तांबड्या पेशींत झिंक प्रोटोपॉर्फिरिन वाढते. पण ते लोहाच्या कमतरतेनेही वाढते, आणि आपल्या घरांत ती कमतरता किती आहे हे शिबिरातील भगिनींना विचारा. म्हणून त्यासोबत रक्तातील शिसेही मोजावे. पेट्रोल पंपावरील मुलांच्या पांढऱ्या पेशींवर नजर असावी. गुणसूत्रे तुटल्याची तपासणी भोपाळातही झाली. ती समूहाविषयी सांगते, एकट्या माणसाचे भविष्य सांगत नाही. विडीनेही गुणसूत्रे तुटतात.

भोपाळनंतर, 1987 साली, फॅक्टरीज ॲक्टमध्ये धोक्याच्या कामावरील कामगाराची नेमणुकीपूर्वी आणि पुढे वर्षाच्या आत तपासणी करण्याचे कलम आले. पण आपला फवारणारा आणि बॅटरीवाला कारखान्यात मोडतो कोठे?

विश्वस्तांपुढे माझी मागणी आहे. आपल्या वार्षिक शिबिरात साखर आणि हिमोग्लोबिन पाहिले जाते; त्यात ह्या माणसांचा मूळ आकडा घेण्याची भर घालावी. नोंदवही न्यासाच्या कपाटात कुलपात राहावी आणि आकडा ज्याचा त्याला सांगावा, मालकाला नव्हे. नाहीतर आकडा उतरला की पहिली जाते ती नोकरी, आणि दुसऱ्या वर्षी कोणी हात पुढे करणार नाही. खर्च किती, हा प्रश्न खजिनदारांच्या चेहऱ्यावर मला येथूनच दिसतो आहे. चाळीस-पन्नास माणसांपासून आरंभ करू.

दोन नमुने लागतील, तेही खरिपाच्या फवारणीपूर्वी, म्हणजे एप्रिल आणि मे महिन्यांत. त्याआधी महिनाभर औषधाला हात लावलेला नसावा. नळी बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचविण्यास एक तरुण आणि एक दुचाकी पाहिजे. आणि रक्त देणाऱ्याने हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन यावे, कारण कातडीवरील औषधाचा कणही आकडा खोटा उतरवितो.