बारा, पण कितींपैकी?

नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, साथरोगशास्त्राचा तास म्हटला की तुमच्यातले बरेच जण सूत्रं पाठ करू लागतात. आज वही मिटा आणि माझ्याबरोबर १८९७ सालच्या भायखळ्याला चला.

आदल्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारीला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले अशा १४७ जणांना लस टोचली, १७२ जण तसेच राहिले. टोचलेल्यांत पुढे दोघांना प्लेग झाला, पण दगावलं कुणी नाही. न टोचलेल्यांत बारा जणांना झाला आणि त्यातले सहा गेले.

आता शाळेतला अपूर्णांक आठवा. बारा हा अंश झाला. छेद कुठला? १७२. म्हणजे शंभरात सात. पलीकडे १४७ मध्ये दोन, शंभरात दीडहूनही कमी. हा अटॅक रेट. सातला त्या दुसऱ्या दराने भागलं की न टोचलेल्यांचा धोका सुमारे पाचपट निघतो, तो रिलेटिव्ह रिस्क. मृत्यूंचं बघताना मात्र सावध राहा. सहा गेले ते बारा आजाऱ्यांपैकी, म्हणून केस फेटॅलिटी रेट काढताना छेद १२ घ्यायचा, उत्तर शंभरात पन्नास. मुलं चुकतात ती इथेच.

तुरुंग एक, जेवण एक, दिवस तेच, म्हणून ही तुलना मोलाची. तरीही एक शंका मनात ठेवावी: लस घ्यायला आपणहून पुढे आलेले कैदी मुळातच जास्त धडधाकट असतील तर? अशा फरकामुळे निष्कर्ष एका बाजूला झुकतो, त्याला बायस म्हणतात.

इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्स यांचा गोंधळही छेदाकडे आणि काळाकडे नीट पाहिलं की सुटतो. वर्षभरात मधुमेहाचे नवे रुग्ण किती झाले, तो इन्सिडन्स. आज रजिस्टरवर जुने-नवे मिळून किती आहेत, तो प्रिव्हलन्स. चांगल्या औषधांनी माणसं जास्त जगली तर प्रिव्हलन्स वाढतो. ती वाढ पाहून घाबरू नका, ती तुमच्या सेवेचीही असते.

समजा, उद्या पोस्टिंगला असताना जुलाबाची साथ आली. गावात तीस रुग्ण, शेजारच्या वाडीत वीस. तुमचे पाय आधी गावाकडे वळतील. पण गाव तीन हजारांचं आणि वाडी चारशेची असेल, तर गावात शंभराला एक आजारी आहे आणि वाडीत पाच. ओआरएसच्या पुड्या दोन्हीकडे न्या. पाण्याच्या नमुन्याची पहिली बाटली मात्र वाडीच्या विहिरीवर भरा.